कॉन्व्हेंटमधली प्रार्थना आणि घरची सांजवात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



प्रवेशाचे दिवस आले की आपल्या कुटुंब-गटांवर एकच विषय फिरू लागतो. यंदाही मडगाव, बेळगाव, बडोदा, इंदूर, सिकंदराबाद इथून प्रश्न आले. शब्द वेगळे, पण गाभा एकच : मुलाला कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळतोय, घालावं का? कुणी विचारतं, तिथली प्रार्थना म्हटली तर आपल्या उपासनेला बाध येतो का. कुणाची तक्रार टिकली-बांगड्यांची. एका आजोबांनी तर सरळ लिहिलं, "नातू घरात क्रूसाची खूण करून जेवायला बसतो, आता काय करायचं?"

म्हणून या वेळचा अभ्यास याच प्रश्नावर. घाला किंवा घालू नका असा हुकूम आम्ही काढणार नाही. महाराजांनीही तो कधी काढलेला नाही. फी, अंतर, गावातल्या बाकीच्या शाळा, घरी मुलाचा अभ्यास घ्यायला कोण आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक. पण एकदा घातलं की मग मुलाशी कसं वागायचं, यावर मात्र आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे.

*भीती कुठून आली*

गोव्यातल्या आजी जेव्हा घाबरतात तेव्हा नव्या पिढीनं हसू नये. ती भीती हवेतून आलेली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात साष्टी, बारदेश, तिसवाडीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आज आपण सहलीला जातो ती फोंड्याकडची कितीतरी देवळं म्हणजे रातोरात हललेली कुलदैवतं आहेत. ज्यांच्या घरात ही गोष्ट पणजीकडून आजीकडे आली, त्यांना शाळेच्या दारावरचा क्रूस नुसता क्रूस दिसत नाही. हे समजून घ्यायला हवं.

त्याच गोव्यात १६१६ मध्ये राचोलला फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. हा मूळचा इंग्लंडचा जेझुइट पाद्री आपल्या भाषेवर मनापासून प्रेम करत होता. एकाच शतकाच्या आत देवळं पाडणारे हातही होते आणि ओवी रचणारेही. इतिहास असाच गुंतागुंतीचा असतो; एक धागा ओढून सगळं वस्त्र आपल्या रंगाचं आहे असं म्हणता येत नाही.

आपल्या लोकांनी नुसती भीती बाळगली असंही नाही. पणजीत १९०८ मध्ये मराठी शाळा काढली ती घराघरातून मूठ-मूठ तांदूळ गोळा करून. तिचं नावच मुष्टिफंड. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी आधी अमरेली भागात आणि मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बेळगावात मात्र सेंट पॉल्स १८५६ पासून आहे, म्हणजे तिथल्या मराठी घरांना कॅथलिक शाळेची ओळख पाच-सहा पिढ्यांची.

*दोन मुलं, दोन वाटा*

मिशनच्या शाळेत गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, याची आपल्या इतिहासातली दोन उदाहरणं जवळ-जवळ ठेवून बघण्यासारखी आहेत. दोन्ही कॅथलिक शाळांची नाहीत, प्रोटेस्टंट मिशनच्या शाळांची आहेत, पण प्रश्न तोच होता.

जोतिराव फुले १८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तिथे बायबल शिकवलं जाई. जोतिरावांनी ते ऐकलं, त्यावर विचार केला, मिशनऱ्यांशी आयुष्यभर मैत्री ठेवली, पण ख्रिस्ती झाले नाहीत. मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. बाबा पदमनजी १८३१ चे, आपल्या बेळगावचे. तेही मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' हे पुस्तक त्यांचंच. विधवांच्या हालअपेष्टांवर इतकं कळवळून त्या काळात फार थोड्यांनी लिहिलं.

काही मंडळी फक्त पहिलं उदाहरण सांगतात आणि म्हणतात, बघा, काही होत नाही. काही फक्त दुसरं सांगतात. आम्हाला दोन्ही सांगावीशी वाटतात, कारण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे : दोघेही प्रश्न विचारणारे होते. शाळेनं प्रश्न दिले. घरानं आणि समाजानं त्या प्रश्नांना काय उत्तर दिलं, हा खरा मुद्दा. विधवेचं केशवपन का, शूद्रानं शिकू नये हे कुणी ठरवलं, असं विचारल्यावर "गप्प बस" एवढंच उत्तर असेल, तर तो मुलगा उत्तर शोधायला दुसरीकडे जाणारच. त्यात शाळेचा दोष किती आणि गप्प बसवणाऱ्यांचा किती?

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या विद्यार्थ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. श्रीपत परत आला तेव्हा जातीतली मंडळी त्याला घ्यायला तयार नव्हती. बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून झटले, आणि त्याबद्दल त्यांनाच सनातन्यांचा रोष सोसावा लागला. पोर घराकडे येत होतं आणि दार आतून लावलेलं होतं. आज कुणी बाप्तिस्मा घेत नसेल, पण शाळेत काय झालं हे सांगायला पोर तोंड उघडतं आणि आपण ओरडतो, तेव्हा वेगळं काय करतो?

*कायदा काय म्हणतो*

आता व्यवहाराचं. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. त्याच घटनेचं कलम २८ (३) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायची किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे संमती द्यायची की नाही हे आपल्या हातात आहे, आणि ते शाळेला शांतपणे विचारता येतं. भांडण काढायची गरजच नाही.

कॅथलिक मुलांसाठीचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. गोव्यात त्याला दोतोर्न म्हणतात. त्या वेळेत बाकीच्या मुलांना बहुतेक ठिकाणी मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन असतं. मिस्सा असेल तर तिथे दिला जाणारा पवित्र प्रसाद, गोव्यातल्या भाषेत कुमगार, हा बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच असतो. आपलं मूल मित्रांच्या मागे रांगेत उभं राहिलं तर त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर नाही. "तू जागेवर बस, तो त्यांचा प्रसाद आहे" एवढं आधीच सांगितलेलं बरं. हे आपल्या बाजूनं जितकं योग्य, तितकंच त्यांच्या बाजूनंही.

चर्चची भूमिकाही माहीत असावी. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याबद्दलचं घोषणापत्र काढलं आणि श्रद्धेच्या बाबतीत जबरदस्ती नको हे स्पष्ट केलं. आपल्याकडे २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानं आपल्या शाळांना सूचना दिल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या असेंब्लीत राज्यघटनेची प्रास्ताविका म्हणा, जमल्यास सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. म्हणजे तुम्ही सिस्टरना किंवा फादरना जाऊन विचारलंत तर त्यांच्याच वरिष्ठांनी सांगितलेलं विचारताय.

प्रार्थनेला गप्प उभं राहणं हा अपमान होतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा केरळचा निकाल वाचण्यासारखा आहे. तिथे यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयानं सांगितलं की आदरानं उभं राहणं हा अनादर नव्हे, मुलांना परत घ्या. त्या निकालात आपल्याला सोयीचं तेवढंच घेऊ नये. आपल्या मंडळींच्या संस्थांमध्ये गणेशवंदना, सरस्वतीवंदना असते आणि वर्गात मुसलमान किंवा ख्रिस्ती मूल असतं. तेही असंच शांत उभं राहिलं तर त्याला कुणी टोकू नये.

आरटीईबद्दल एक सूचना, कारण तीन कुटुंबांनी विचारलं. पंचवीस टक्के राखीव जागांचा नियम अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं. त्यामुळे आरटीईतून कॉन्व्हेंट मिळेल या भरवशावर दुसरे अर्ज भरायचे थांबवू नका.

*ओठ हलव, मनात दुसरं म्हण*

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. सीमाभागातल्या आपल्या एका गुरुभगिनींनी सांगितलेली हकीकत, त्यांच्या परवानगीनं देत आहोत. नाव-गाव दिलेलं नाही.

नात दुसरीत, कॉन्व्हेंटमध्ये. पहिल्याच आठवड्यात आजीनं तिला समजावलं : तिथे सगळे म्हणतात तेव्हा नुसते ओठ हलवायचे आणि मनात दत्ताचं नाव घ्यायचं. कुणाला कळत नाही. पोरगी हुशार, लगेच शिकली. चार-पाच महिन्यांनी घरी संध्याकाळी दिवा लावून सगळे आरतीला उभे होते. धाकटा भाऊ म्हणाला, "आजी, ताईचा आवाजच येत नाही." बघतात तर पोरीचे ओठ हलताहेत, आवाज नाही. विचारलं तर भाबडेपणानं म्हणाली, "प्रार्थनेत असंच करतात ना?"

आजी त्या रात्री जेवल्या नाहीत. प्रार्थना म्हणजे दुसऱ्यांना दाखवायची गोष्ट, हे त्या पोरीला शाळेनं शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी वडील शाळेत गेले. मनात बरीच तयारी करून गेले होते. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, तिनं म्हटलीच पाहिजे असं आमचं काही नाही, शांत उभी राहिली तरी चालेल. दहा मिनिटांत बोलणं संपलं. पाच महिने एक सात वर्षांचं लेकरू जे ओझं वाहत होतं, ते दहा मिनिटांच्या भेटीत उतरलं.

म्हणून आमचं म्हणणं असं की तीनपैकी एक वाट घरानं ठरवावी आणि मुलाला सरळ शब्दांत सांगावी. एक : म्हण. त्या मुख्य प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर, चुकांची क्षमा आणि मोहापासून सुटका मागितली आहे. यातलं एकही मागणं आपण आपल्या देवाकडे मागत नाही असं नाही. दोन : म्हणू नको, हात जोडून शांत उभी राहा आणि आपल्या गुरूंचं स्मरण कर, यात लपवण्यासारखं काही नाही, कुणी विचारलं तर तसंच सांग. तीन : घराला उपस्थितीही मान्य नसेल तर पालकांनी लेखी कळवावं. यातली कुठली निवडावी यावर आमचा आग्रह नाही, जरी आमच्यातल्या बहुतेकांचा कल दुसरीकडे आहे. पण ओठ हलवण्याचं शिकवू नका, आणि पालकांनी शाळेशी बोलायचं ते मुलाच्या तोंडून बोलून घेऊ नका.

आणि चेष्टा नको. 'पाववाले', 'बाटगे' असले शब्द काही घरांत सहज निघतात. ते पोर उद्या ज्यांच्या शेजारी डबा उघडणार त्यांच्याबद्दल हे शब्द आहेत. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात भ्रमर आहे, अजगर आहे, पिंगला वेश्या आहे. मोहात सापडून जाळ्यात पडलेलं कबूतरसुद्धा आहे, काय करू नये ते शिकवणारं. दत्तभक्तांच्या घरात ही कथा दर वर्षी वाचली जाते, तेव्हा यावर जास्त सांगायला नको.

त्या आजोबांना उत्तर : क्रूसाची खूण करून जेवायला बसणाऱ्या नातवाला ओरडू नका. तो जेवणाआधी देवाची आठवण काढायला शिकला आहे, खूण मित्रांची घेतली आहे. त्याला म्हणा, "ती त्यांची पद्धत, छान आहे, आपली अशी," आणि त्याच्याबरोबर रोज आपला श्लोक म्हणा. रोज म्हणजे रोज. तुम्ही स्वतः टीव्हीसमोर ताट घेऊन बसत असाल तर मात्र हा उपाय चालणार नाही.

*टिकली, बांगड्या, राखी*

हे प्रवेशाआधी बघायचं. प्रॉस्पेक्टस आणि शाळेची डायरी घ्या, गणवेशाचं पान वाचा. काही ठिकाणी कुंकू-टिकली चालते, बांगड्या खेळताना फुटतात म्हणून नको असतात. काही ठिकाणी मेंदी नको. सही करून मग श्रावणात मेंदी लावून पाठवायचं आणि पोरीला वर्गाबाहेर उभं राहायला लावायचं, हा तिच्यावर अन्याय. नियम पटत नसेल तर पालक सभेत बोला, चार पालक मिळून अर्ज द्या. ज्या शाळेत टिकली पुसायला लावतात आणि विचारलं तर नीट उत्तरही देत नाहीत, तिथे मुलगी घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शाळा तेवढी एकच नसते.

*आम्हाला काळजी वेगळ्याच गोष्टीची*

खरं सांगायचं तर महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांमध्ये धोका येशूच्या प्रार्थनेचा नाही, मराठी सुटण्याचा आहे. आणि तो कॉन्व्हेंटमध्ये जितका, तितकाच संस्कृत श्लोकांनी दिवस सुरू करणाऱ्या महागड्या इंग्रजी शाळेतही आहे. मूल आरतीला उभं राहतं, चाल पाठ असते, अर्थ एकाही ओळीचा माहीत नसतो. पोथी वाचायला बसवलं तर अडतं.

यात गावागावात फरक आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीमुळे देवनागरी येतच असते. तिथे रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचून घेतलं, 'ळ' आणि 'च'चे उच्चार सांगितले, की वर्षभरात मूल पोथी वाचतं. गोव्यात चर्चच्या कितीतरी प्राथमिक शाळा १९९० नंतर कोंकणी माध्यमाच्या झाल्या होत्या. तिथलं मूल देवनागरी कोंकणी वाचत असेल तर मराठी त्याला परकी नाही. बडोद्यात गुजराती अक्षरं ओळखीची वाटतात, पण शिरोरेघ नाही आणि काही अक्षरं वेगळी, तेवढी बसवून घ्यावी लागतात. हैदराबाद आणि बेळगावच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचं काम जास्त : शाळेत इंग्रजी आणि तेलुगू किंवा कन्नड, हिंदी असली तर असली. तिथे अक्षर-ओळखीपासून सुरुवात करावी लागते, आणि ती आजी-आजोबांनीच करावी. शिकवणी लावून होणारं हे काम नाही.

आमची सूचना : संध्याकाळी आरतीनंतर एका ओळीचा अर्थ. एकच ओळ, जास्त नाही. मुलानं शाळेतल्या प्रार्थनेचा अर्थ विचारला तर तोही सांगावा, ठाऊक नसेल तर वर्गातल्या ख्रिस्ती मित्राच्या आईला विचारावा. आपल्या काही घरांत हे सुरू झालंय. एका घरी तर मित्राच्या आईनं उलट विचारलं की तुमच्या आरतीतल्या अमुक शब्दाचा अर्थ काय, आणि आपल्या ताईंना तो सांगता येईना! त्या रात्री घरात शब्दकोश निघाला.

शेवटचा प्रश्न सिकंदराबादच्या ताईंचा. नाताळच्या नाटकात मुलाला मेंढपाळाचं काम मिळालंय, सासूबाई नको म्हणतात, करू द्यावं का? जरूर करू द्यावं. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात ख्रिस्ती मुलं मावळे होतात, वारकरी होतात, टाळ घेऊन नाचतात, त्यांच्या आया कौतुकानं फोटो काढतात. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा. घोंगडी आणि काठी मात्र आत्ताच शोधून ठेवा, डिसेंबर आला की ती प्रत्येक घरी एकाच वेळी मागितली जाते.

जय गुरुदेव.